जाहिरातीत मागितलेलं सगळं आपल्याकडे नसेल तर अर्ज करायचा का?

दांडियाबाजारची | सोमवार, दुपारी २:१०

मंडळी, प्रश्न साधा आहे, पण घरात त्यावरून दोन तट पडलेत म्हणून इथे टाकते.

मी बडोद्याची. एम. एस. युनिव्हर्सिटीतून २००७ साली बी.कॉम. केलं. मग अकरा वर्षं मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, एका फॅब्रिकेशनवाल्याकडे अकाउंट्स बघायचे. बँक रिकन्सिलिएशन, टीडीएस, पगार, ऑडिटच्या वेळी सीएंच्या पोरांना चहा, सगळं मीच. जुलै २०१७ मध्ये व्हॅट जाऊन जीएसटी आला तेव्हा शेठजींनी हात वर केले आणि आख्खं ऑफिस मी नव्या पद्धतीत आणलं. मग सासूबाईंचं आजारपण निघालं, मुलगा लहान होता, नोकरी सोडली. पण काम पूर्ण सुटलं नाही. रावपुऱ्यातल्या तीन दुकानांची रिटर्न्स अजून घरून भरते.

आता एक जाहिरात दिसली. मकरपुऱ्यातच, ओळखीचा रस्ता. अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह. हवंय ते असं: एम.कॉम. किंवा सीए इंटर (सीएची मधली परीक्षा), सॅपचा (मोठ्या कंपन्यांत हिशोबाला वापरतात ते सॉफ्टवेअर) किमान ३ वर्षं अनुभव, उत्पादन क्षेत्रातला ५ वर्षं अनुभव, गुजराती-इंग्रजी लिहिता-वाचता येणं, स्वतःचं वाहन. वयाचा उल्लेख नाही, देवाची कृपा.

माझ्याकडे एम.कॉम. नाही, इंटर नाही, सॅप लांबून पाहिलंय. अनुभव आहे. वाहन आहे, म्हणजे ॲक्टिवा दारात उभी असते. मी ती गल्लीबाहेर नेत नाही.

नवरा म्हणतो, टाकून दे, काय जातं? सासरे रेल्वेतून निवृत्त. ते म्हणतात, अट म्हणजे अट, अपात्र माणसाने अर्ज करणं म्हणजे आमंत्रण नसताना पंगतीला बसणं. मला पैशापेक्षा लाज जास्त आडवी येते. कुणी असा अर्ज केलाय का? पुढे काय झालं?

शेवउसळ | सोमवार, दुपारी २:३१

टाका. फार तर काय होईल, उत्तर येणार नाही. अर्ज न करताही येत नाहीयेच.

खवचट_काका | सोमवार, दुपारी ३:०५

सासऱ्यांशी सहमत. हल्ली एका जागेला पाचशे अर्ज येतात ते याच 'टाकून दे'मुळे. ज्याच्याकडे खरंच एम.कॉम. आणि सॅप आहे त्याचा अर्ज त्या ढिगात गाडला जातो. त्याने शिकायला पैसे घातले, वर्षं घातली. जाहिरात देणाऱ्याने लिहिलंय ना काय हवंय? मग आपण कशाला त्याच्या डोक्यात शिरायचं?

राग मानू नका ताई, तुमच्याबद्दल नाही. प्रवृत्तीबद्दल बोलतोय.

शेवउसळ | सोमवार, दुपारी ३:०९

काका, प्रवृत्तीने आत्ता ॲक्टिवा वापरायला काढली म्हणून समजा.

एचआर_वाली | सोमवार, संध्याकाळी ७:४०

मी बारा वर्षं याच धंद्यात आहे. जाहिरात कशी जन्माला येते ते सांगते, म्हणजे लाज निम्मी होईल.

एखादा माणूस राजीनामा देतो. त्याचा साहेब मला मेल टाकतो, 'अर्जंट, तसाच दुसरा हवा.' कसा हवा, विचारलं तर उत्तर नाही, साहेब प्लांटवर आहेत. मग मी जुनी फाइल उघडते, मागच्या वेळची जाहिरात काढते, नाव आणि तारीख बदलते. मागची जाहिरातही कुणीतरी तशीच त्याच्या मागचीवरून केलेली असते. साहेब शेवटच्या क्षणी फोनवर दोन गोष्टी घालतात, 'सॅप टाक' आणि 'लोकल हवा'. सोडून गेलेल्या माणसाकडे योगायोगाने एम.कॉम. असेल तर तीच पुढची अट होते. तो नोकरीला लागला तेव्हा बी.कॉम.च होता, एम.कॉम. बाहेरून नंतर केलं, हे कुणाला आठवत नाही.

म्हणून मी स्वतः जाहिरात वाचताना 'आवश्यक' कुठे आहे आणि 'असल्यास प्राधान्य' कुठे आहे ते आधी बघते. मग क्रम बघते. जे सगळ्यात वर आणि दोनदा लिहिलंय ते खरं दुखणं. शेवटच्या ओळी बहुतेक वेळा जुन्या फाइलमधून वाहत आलेल्या असतात.

काकांचा मुद्दा अगदीच चूक नाही. ढीग असतोच. पण ढीग होतो तो जाहिरात न वाचता टाकलेल्या अर्जांमुळे. अकाउंट्सच्या जागेला मला फिटर, नर्स आणि एकदा एका ज्योतिषाचा अर्ज आला होता. अकरा वर्षं कारखान्याचं अकाउंट्स बघितलेली बाई त्या ढिगात धरायची नाही.

एक खरी अडचण मात्र आहे. पोर्टलवरून अर्ज केलात तर आधी शब्दांची गाळणी लागते. 'सॅप' टाकून शोधलं की तुमचं नाव वरच येणार नाही. कंपनीचा मेल आयडी असेल तर थेट पाठवा. ओळखीचं कुणी आत असेल तर त्यांच्या हातून.

खवचट_काका | सोमवार, रात्री ८:१५

म्हणजे वशिला.

एचआर_वाली | सोमवार, रात्री ८:२२

ओळख, काका. वशिला लागला असता तर जाहिरातच आली नसती.

जुना_बॉयलर | सोमवार, रात्री १०:५०

वर सगळे एकाच मापाने बोलताहेत म्हणून लिहितो. अट कुणी घातली ते आधी बघा. साहेबाने घातली की कायद्याने?

मी नंदेसरीला रसायनांच्या कारखान्यात आयुष्य काढलं. लागलो हेल्पर म्हणून. बॉयलरच्या खोलीत सहा वर्षं होतो. नुसत्या आवाजावरून सांगायचो, पाणी कमी आहे, फीड पंप बघा. माझ्या शिफ्टला जो प्रमाणपत्रवाला अटेंडंट होता तो मला विचारून वॉल्व फिरवायचा. जागा निघाली तेव्हा मी अर्ज केला. साहेब म्हणाले, तुला काम येतं हे मला माहीत आहे, पण बॉयलर अटेंडंटचं प्रमाणपत्र नसलेल्या माणसाच्या ताब्यात बॉयलर दिला आणि इन्स्पेक्टर आला तर कारखाना बंद होईल. फार राग आला होता. दोन दिवस जेवलो नाही.

आज वाटतं साहेब बरोबर होते. बॉयलरला तुमचा अनुभव कळत नाही, त्याला दाब कळतो. मी पुढे दुसऱ्या वर्गाची परीक्षा दिली. तोंडी परीक्षेत विचारलं, गेज ग्लासमध्ये पाणी दिसत नाही, पहिल्यांदा काय करशील? मी म्हटलं, आग काढीन, पाणी घालणार नाही. तापलेल्या कोरड्या बॉयलरमध्ये गार पाणी सोडलं की तो फुटतो. हे मला सहा वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं, पुस्तकात वाचलं. तेव्हा कळलं की मला आवाज कळत होता, कारण कळत नव्हतं.

वायरमनचा परवाना, सेफ्टी ऑफिसरची पदविका, नर्सची नोंदणी, हेवी वाहनाचं लायसन्स, हे सगळं त्याच जातीचं. तिथे 'टाकून बघू' करू नका.

ताई, तुमची सॅपची अट मला तशी वाटत नाही. सॅप फुटत नाही.

शेवउसळ | सोमवार, रात्री १०:५८

'सॅप फुटत नाही.' मार्च एंडला आमच्या ऑफिसात या, बॉयलर दादा.

दांडियाबाजारची | मंगळवार, सकाळी ९:१२

बॉयलर दादा, तुमचा प्रतिसाद सासऱ्यांना वाचून दाखवला. 'आग काढीन'पर्यंत मान डोलावत होते. शेवटचं वाक्य ऐकून म्हणाले, हे त्याने उगाच लिहिलं.

बेरीजवजाबाकी | मंगळवार, सकाळी ११:३०

सीए आहे म्हणून तेवढं स्पष्ट करतो. ऑडिट रिपोर्टवर सही करायला सीएच लागतो, तो कायदा आहे. कंपनीत बसून हिशोब ठेवायला इंटर लागतो असा कायदा नाही. ती साहेबांची आवड. आणि इंटर झालेला पोरगा फायनल झाला की सोडून जाणार हे साहेबांनाही माहीत असतं. तिथे तुमची बाजू वरचढ आहे.

सॅपचं म्हणाल तर एक्झिक्युटिव्हच्या खुर्चीत रोजचं काम असतं एफबी६० मध्ये व्हेंडरचं बिल टाकणं आणि एफबीएल१एन मध्ये त्याच व्हेंडरचं खातं उघडून भांडणं. डेबिट-क्रेडिट तेच, खिडकी वेगळी. टॅलीत हात बसलेल्या माणसाला मी महिन्याभरात कामाला लागलेलं बघितलंय. उलट सॅपमध्ये दहा वर्षं बटणं दाबून जर्नल एंट्री का पडली हे सांगता न येणारेही बघितलेत. पण सॅप बसवणारा सल्लागार हवा असेल तर गोष्ट निराळी, तिथे लांब राहा.

कोड_कारकून | मंगळवार, दुपारी १:०४

आमच्या क्षेत्रात तर कहर आहे. फास्टएपीआय नावाचं एक सॉफ्टवेअर आहे. २०२० मध्ये ते लिहिणाऱ्या माणसानेच ट्विट केलं होतं की एका जाहिरातीत फास्टएपीआयचा ४ वर्षांहून जास्त अनुभव मागितलाय, मला अर्ज करता येत नाही, कारण ते बनवूनच मला दीड वर्ष झालंय.

मांडवीकर | मंगळवार, रात्री ९:२०

धागाकर्ती दांडिया बाजारातली आहे आणि अजून कुणी तिथल्या सगळ्यात प्रसिद्ध अपात्र उमेदवाराचं नाव काढलं नाही? बडोदेकर म्हणवता स्वतःला!

अरविंद घोष. १८९० मध्ये आयसीएसची लेखी परीक्षा अकराव्या क्रमांकाने पास. दोन वर्षांचं प्रोबेशन. सगळं झालं, राहिली घोडेस्वारीची चाचणी. पुन्हा पुन्हा बोलावलं तरी हजर झाले नाहीत. १८९२ मध्ये अपात्र. ग्रीक-लॅटिन कोळून प्यायलेला माणूस, घोड्यापाशी अडला. त्याच सुमारास आमचे सयाजीराव लंडनात होते. त्यांनी त्याला उचलला. १८९३ च्या फेब्रुवारीत बडोद्यात हजर. आयसीएसच्या तोडीचा माणूस महिना २०० रुपयांत मिळाला म्हणून महाराज खूश होते, असा किस्सा सांगतात. आधी सर्व्हे सेटलमेंट, मग महसूल, मग कॉलेजात प्राध्यापक. १९०६ पर्यंत इथे होते. मराठी-गुजराती इथेच शिकले.

तात्पर्य, ताई: एक साहेब घोडा मागतो, दुसऱ्या साहेबाला घोड्याशी देणंघेणं नसतं.

शेवउसळ | मंगळवार, रात्री ९:२४

ताईंचा घोडा म्हणजे ॲक्टिवा. दारात बांधलेला आहे. सयाजीरावांना कळवा.

वाचनमात्र | मंगळवार, रात्री ११:४७

मांडवीकर, उदाहरण गोड आहे पण गैरलागू. अरविंदांनी चाचणी मुद्दाम चुकवली, त्यांना इंग्रजांची चाकरी नकोच होती. अट पूर्ण करता न येणं वेगळं, न करणं वेगळं. आणि वडील सर्जन, शिक्षण केंब्रिजचं. त्यांची एक अट राहिली तर बाकी सगळं पाठीशी होतं.

याच शहरातलं दुसरं उदाहरण घ्या. डॉ. आंबेडकर. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली कोलंबियाला गेले. १९१७ मध्ये करारानुसार नोकरीवर हजर झाले. कागदावर काय कमी होतं? शहरात राहायला कुणी खोली देईना. पारशी धर्मशाळेत नाव लपवून राहिले, तिथूनही लाठ्या घेऊन आलेल्यांनी बाहेर काढलं. कमाटीबागेतल्या झाडाखाली बसले, रात्रीच्या गाडीने मुंबईला गेले. ती जागा आज संकल्पभूमी.

कुठल्या अटी जाहिरातीत छापतात आणि कुठल्या छापत नाहीत, त्यावरही या धाग्यावर बोललं पाहिजे. आजही मुलाखतीत 'कुठले तुम्ही? आडनाव काय म्हणालात?' हा प्रश्न कुठल्या पात्रतेत बसतो?

मांडवीकर | बुधवार, सकाळी ७:५५

मान्य. मी हलक्यात घेतलं. रोज सकाळी तिथूनच फिरून येतो, तरी लिहिताना आठवलं नाही.

रेवाकाठची | बुधवार, सकाळी १०:४०

बाकी सोडा, 'लाज' या शब्दावर कुणीच थांबलं नाही. माझ्या भावाला दहातल्या चार गोष्टी येत असतील तर तो म्हणतो 'जवळपास सगळं येतं'. मला नऊ येत असल्या तरी दहावी उशाशी घेऊन झोपते. तो आकडा प्रसिद्धच आहे ना, पुरुष ६० टक्के अटी बसल्या की अर्ज करतात, बायका १०० टक्के बसल्याशिवाय करत नाहीत.

आकडेमोड | बुधवार, सकाळी ११:१५

त्या आकड्याचं मूळ शोधायला जा, हाताला काही लागत नाही. एका मोठ्या कंपनीच्या अंतर्गत अहवालातला म्हणून तो पुस्तकांतून आणि भाषणांतून फिरतो, अभ्यास कुणी दाखवत नाही. २०१४ मध्ये हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूत तारा मोर या बाईंनी त्याच्यावरच लेख लिहिला. त्यांनी स्वतः लोकांना विचारलं की तुम्ही अर्ज का केला नाहीत. 'मला काम जमणार नाही' असं सांगणारे थोडेच निघाले. जास्त जण म्हणाले, अटी बसत नाहीत, मग ते घेणारच नाहीत, कशाला वेळ घालवा. आणि असं म्हणणाऱ्यांत पुरुषही होते.

म्हणजे प्रश्न आत्मविश्वासाचा कमी आणि समजुतीचा जास्त. लोक जाहिरातीला नियमावली समजतात.

रेवाकाठची | बुधवार, सकाळी ११:२१

आकडा गेला, भाऊ राहिला. त्याचं काय करू?

सरकारी_फाईल | बुधवार, दुपारी ४:३०

एचआर ताईंचं सगळं खाजगीत चालतं. कुणी हा धागा वाचून सरकारी जागेला तसंच करायला जाईल म्हणून इशारा देतो.

तिथे जाहिरात म्हणजे खरोखरच नियमावली. आणि पात्रता हातात हवी ती अर्जाच्या शेवटच्या तारखेला, मुलाखतीला नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये आणि पुन्हा १९९७ मध्ये हे स्वच्छ सांगितलंय. १९९७ च्या प्रकरणात उमेदवारांचा निकाल शेवटच्या तारखेनंतर, पण मुलाखतीच्या आधी लागला होता. तरी नाही. कारण सरळ आहे. तुम्हाला सूट दिली तर 'माझाही निकाल पुढच्या महिन्यात होता, पण मी नियम पाळून अर्ज केला नाही' म्हणणाऱ्यावर अन्याय होतो. यूपीएससीच्या पूर्वपरीक्षेला शेवटच्या वर्षाची मुलं बसतात, ती जाहिरातीतच तशी मुभा असते म्हणून.

उलटंही होतं. एका बँकेच्या शिपायाच्या जागेला अट होती: बारावी पास, पदवीधर नको. एकाने पदवी लपवून अर्ज केला, निवड झाली, मग बाहेर आलं. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बँकेच्या बाजूने निकाल दिला. जास्त शिकला म्हणून नव्हे फक्त, लपवलं म्हणून.

खवचट_काका | बुधवार, दुपारी ४:४४

हे मी पहिल्या दिवशी म्हणालो तर मी खवचट.

शेवउसळ | बुधवार, दुपारी ४:४५

काका, आयडी तुम्हीच घेतलाय.

पेन्सिलवाली | बुधवार, रात्री ८:०३

सरकारी अटी दगडावरच्या रेघा असतात असंही नाही हो. २०१८ च्या यूजीसी नियमात विद्यापीठ विभागात सहायक प्राध्यापक व्हायला जुलै २०२१ पासून पीएचडी सक्तीची होती. ती तारीख जुलै २०२३ वर ढकलली. आणि त्या जुलैपासून पुन्हा नेट किंवा सेट पुरे, पीएचडी ऐच्छिक. माझी नेट २०१४ ची. मी मधल्या काळात 'आता आपलं काही खरं नाही' म्हणून जाहिराती वाचणंच सोडून दिलं. नियम बदलला हे मला आठ महिन्यांनी एका विद्यार्थिनीकडून कळलं. ती मला पेढे द्यायला आली होती.

पादरेकर | बुधवार, रात्री १०:१९

लपवण्यावरून आठवलं. आमच्या मेहुण्याने बायोडेटात 'एम.एस्सी.' लिहिलं. एक विषय राहिला होता, म्हणाला, काढून टाकीन पुढच्या अटेम्प्टला. पाद्र्याच्या बाजूला औषध कंपनीत क्यूसीला, म्हणजे औषधं तपासायच्या विभागात, निवड झाली. गंमत म्हणजे त्या जागेला बी.एस्सी. चाललं असतं! एचपीएलसी मशीन त्याच्याइतकं कुणाला येत नव्हतं. तीन महिन्यांनी पडताळणीवाल्यांनी युनिव्हर्सिटीला पत्र लिहिलं आणि संध्याकाळी याला गेटपास जमा करायला लावला. खरं लिहिलं असतं तर आज सिनियर असता. आता भरूचला जातो-येतो रोज, पहाटेच्या गाडीने.

कमी असलं तर कमी लिहा. खोटं लिहू नका.

मांडवीकर | गुरुवार, सकाळी ८:१०

अवांतर: 'गुजराती लिहिता-वाचता येणं' या अटीवर ताई गप्प आहेत. बडोद्यातल्या मराठी माणसाचं इथेच पितळ उघडं पडतं. बोलतो फर्डं, भाजीवालीशी भांडतो गुजरातीत, लिहायला दिलं की 'ळ' कुठे आणि 'ण' कुठे. मी बँकेत लागलो तेव्हा पहिल्या अर्जावर साहेबांनी लाल शाईने लिहिलं होतं, 'माथे लीटी न करवी.' मी प्रत्येक गुजराती अक्षराच्या डोक्यावर रेघ ओढली होती.

दांडियाबाजारची | गुरुवार, दुपारी ३:३५

गुजराती येतं हो, दुकानांचे चोपडे त्यातच आहेत. रेघ न ओढता.

इतकं वाचून अर्ज लिहायला बसले. दोन ठिकाणी अडलेय. एचआर ताई, सॅपचं मी काही लिहूच नको का, की 'शिकायची तयारी आहे' लिहू? आणि २०१९ नंतरच्या वर्षांचं काय करू? 'गृहिणी' लिहायचं?

एचआर_वाली | गुरुवार, रात्री ९:०२

'शिकायची तयारी आहे' सगळेच लिहितात, कुणी वाचत नाही. त्यांनी सॅप का मागितलंय? बिलं वेळेवर चढावीत, खरेदीवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट (वजावट) अडकू नये. मग ते सांगा. पत्र चार ओळींचं: 'मी अकरा वर्षं फॅब्रिकेशन कारखान्याचे पूर्ण हिशोब सांभाळले. २०१७ मध्ये व्हॅटवरून जीएसटीवर आणण्याचं काम एकटीने केलं. सॅपवर काम केलेलं नाही, टॅलीवर केलं आहे. सध्या तीन व्यवसायांची जीएसटी रिटर्न्स भरते.' संपलं. 'नाही' हा शब्द एकदाच, मधोमध, सरळ. माफी मागू नका. 'जरी माझ्याकडे एम.कॉम. नसलं तरी' अशी सुरुवात केलीत की वाचणारा आधी नसलेलंच बघतो. एम.कॉम.चा उल्लेखही नको, शिक्षणाच्या रकान्यात बी.कॉम. दिसतंच आहे.

२०१९ नंतर 'स्वतंत्र जीएसटी काम' लिहा, कारण ते करताय. आणि तिन्ही दुकानदारांना विचारून ठेवा, फोन आला तर सांगतील का.

बेरीजवजाबाकी | गुरुवार, रात्री ९:३०

आणि २बी (सप्लायरनी चढवलेली बिलं आणि त्यांचं क्रेडिट दाखवणारा जीएसटीचा तक्ता) पाठ करून जा. तिथेच विचारतात.

शेवउसळ | दोन आठवड्यांनी, रविवार, सकाळी १०:००

धागा वर काढतोय. ताई? घोडा?

दांडियाबाजारची | रविवार, संध्याकाळी ६:४८

आले आले. मुलाखत झाली. शुक्रवारी.

अर्ज मेलवर थेट पाठवला होता, ताईंच्या चार ओळींसकट. सहाव्या दिवशी फोन आला. मी कुकर लावत होते, नंबर अनोळखी म्हणून जवळजवळ कट केला होता.

आत दोघं होते, एक एचआरची मुलगी आणि एक पन्नाशीचे गुजराती साहेब. साहेबांनी बायोडेटा उलटा ठेवला आणि विचारलं, सप्लायरने बिल दिलं, माल आला, पण २बीमध्ये बिल दिसत नाही, काय कराल? हे मी दर महिन्याला रावपुऱ्यात करते. म्हटलं, त्या महिन्यात क्रेडिट घेणार नाही, वेगळ्या यादीत ठेवीन, सप्लायरच्या मागे लागेन, आणि तो तसाच वागत राहिला तर पुढच्या पेमेंटमधून टॅक्सची रक्कम थांबवायची की नाही हे तुम्हाला विचारीन, कारण तो निर्णय माझा नाही. साहेब पहिल्यांदा हसले. मग अर्धा तास व्हॅटच्या काळातल्या गोष्टी निघाल्या. आमच्या जुन्या शेठजींना ते ओळखत होते.

मग सॅप. मी म्हटलं, नाही केलेलं. ते म्हणाले, आम्हीही गेल्या दिवाळीनंतर घेतलंय. मी न राहवून विचारलं, मग तीन वर्षांचा अनुभव? साहेबांनी मुलीकडे बघितलं. मुलीने सांगितलं, हेड ऑफिसच्या फॉरमॅटमध्ये होतं, सर.

एचआर_वाली | रविवार, संध्याकाळी ७:०१

फॉरमॅट. मी काही बोलत नाही.

बेरीजवजाबाकी | रविवार, संध्याकाळी ७:०६

पेमेंटच्या निर्णयाचं उत्तर फार चांगलं दिलंत. निकाल?

दांडियाबाजारची | रविवार, संध्याकाळी ७:२०

'आठ दिवसांत कळवतो' म्हणालेत. अजून दोन उमेदवार आहेत, त्यातल्या एकाकडे इंटर आहे, हे त्यांनीच सांगितलं. पगार जाहिरातीपेक्षा दोन हजारांनी कमी बोलले, एम.कॉम. नाही म्हणून. मी 'विचार करून सांगते' म्हटलं आणि घरी येऊन स्वतःवरच चिडले, तिथेच बोलायला हवं होतं. बघू. सासरे दिवसातून तीनदा विचारतात, फोन चार्ज आहे ना?

जुना_बॉयलर | रविवार, रात्री ८:१५

दोन हजारांचं बोला. नोकरी देतो म्हटलं की मगच बोला, पण बोला.

शेवउसळ | रविवार, रात्री ८:१९

सगळं सांगितलंत, पण वाहनाचं विचारलं का नाही ते सांगा!

दांडियाबाजारची | रविवार, रात्री ८:४०

विचारलं ना. 'स्वतःचं वाहन आहे?' म्हटलं, आहे, चालवणारे गेटबाहेर उभे आहेत. सासऱ्यांनीच नेलं होतं ॲक्टिवावर. दीड तास उन्हात उभे. घरी येताना तरसाळीपर्यंत गप्प होते, मग म्हणाले, उद्यापासून सकाळी सहाला रेल्वे कॉलनीच्या मैदानात यायचं, ब्रेक आधी शिकायचा.

मांडवीकर | रविवार, रात्री ८:५२

अरविंदांना असे सासरे असते तर इतिहास बदलला असता.

खवचट_काका | रविवार, रात्री ११:१०

ताई, समजा तुम्ही ती जागा घेतली नाहीत, तर ती जाहिरात जरा इथे चिकटवाल का? पुतण्या आहे. बी.ए. झालाय, पण मुलगा हुशार आहे.